एमजीबीचे मागचे पाटे

१९६२ साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी ही स्पोर्ट्स कार बाहेर पडली, तेव्हा तिची बॉडी नव्या जमान्याची होती. वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्याच्या एकसंध सांगाड्यावर, आणि पुढे १७९८ सीसीचं बी-सीरिज इंजिन. आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं धावलेलं १४८९ सीसीचं इंजिनही याच घराण्यातलं. मागची बाजू मात्र जुन्याच वळणाची राहिली: दोन्ही चाकांना जोडणारा आडवा ॲक्सल, त्याच्याखाली दोन कमानपाटे आणि आर्मस्ट्राँगचे लिव्हर-आर्म शॉकअप. १९८०च्या ऑक्टोबरात कारखान्याला टाळं लागेपर्यंत पाच लाखांवर गाड्या बनल्या. ॲक्सल आणि पाट्यांची ही जोडी शेवटच्या गाडीपर्यंत कायम होती.

इतक्या गाड्या आणि त्यांवर जीव टाकणारे इतके मालक असल्यामुळे या मॉडेलच्या सुट्या भागांचा बाजार आजही भरलेला आहे. १९८८पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेजने अख्खी बॉडी नव्याने बनवून द्यायला घेतली. मागच्या सस्पेन्शनसाठीही हवं ते मिळतं: टेलिस्कोपिक शॉकअपची किट, पॅराबोलिक पाटे, ॲक्सलला आडवं सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड, पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवण्याचा पूर्ण संच. पाने हातात घेण्याआधी मूळ मांडणी नीट समजून घेतली पाहिजे, कारण इथे एक भाग बदलला की दुसऱ्यावर ताण येतो.

पाटा नुसता वजन पेलत नाही. ॲक्सलला पुढे-मागे आणि आजूबाजूला जागेवर धरून ठेवणारा तोच, आणि ॲक्सलचा पीळ सोसणाराही तोच. गाडी जोरात उचलली की ॲक्सल उलटा फिरू पाहतो, पाटा इंग्रजी ‘एस’सारखा मुरडतो, सुटतो, पुन्हा मुरडतो आणि चाक रस्त्यावर थडाथडा आपटतं. हा दोष नुसते कडक शॉकअप लावून जात नाही. त्यासाठी ॲक्सलचा पीळ रोखणारे वेगळे दांडे लागतात.

लिव्हर-आर्म शॉकअपची मात्र उगाच बदनामी झाली आहे. त्याचं छोटं घर दोन बोल्टांनी बॉडीला बसतं. आत तेल आणि पिस्टन, बाहेर एक हात. त्या हाताची लिंक खाली पाट्याच्या प्लेटला जोडलेली. तपासायचा असेल तर लिंक सोडा आणि हात सावकाश वरखाली करा. प्रतिकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग जाणवला पाहिजे. मध्येच हात मोकळा सुटला, तर तेल कमी झालंय किंवा आत हवा शिरली आहे. चांगला दुरुस्त केलेला आर्मस्ट्राँग रोजच्या रस्त्यावर उत्तम चालतो. त्याची अडचण एवढीच की तेल थोडं असतं. वळणावळणाच्या खराब रस्त्यावर सतत राबला की ते तापतं आणि पकड सैल पडते.

टेलिस्कोपिक किटची सोय म्हणजे तिचं वरचं ब्रॅकेट बहुधा त्याच दोन भोकांवर बसतं. खालची प्लेट बदलते, त्यामुळे यू-बोल्ट सोडावे लागतात. इथे गाडीचं साल आणि प्रकार पाहूनच ऑर्डर द्यावी. सुरुवातीच्या उघड्या गाड्यांचा बँजो ॲक्सल वेगळा. बंद छताच्या जीटीला पहिल्यापासून आणि उघड्या गाड्यांना १९६७पासून नळीचा ॲक्सल आला. दोन्हींचे यू-बोल्ट सारखे नाहीत. पुढे १९७४मध्ये अमेरिकी नियमांसाठी रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे इंचभर उचलली गेली. ती पुन्हा खाली आणायला अनेक जण ॲक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळे घालतात. अशा वेळी शॉकअपला दबायला पुरेशी जागा उरते का, हे बंप स्टॉप पूर्ण टेकवून पाहावं. शॉकअपच तळाला टेकत असेल, तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात त्याचं ब्रॅकेट मोडेल.

कामाला लागल्यावर गाडी नुसत्या जॅकवर कधीच ठेवू नये. बॉडीखाली मजबूत स्टँड आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक, म्हणजे ॲक्सल हवा तसा वरखाली करता येतो. खरा घाम निघतो तो पाट्याच्या पुढच्या बोल्टपाशी. वर्षानुवर्षांच्या पाण्याने तो बुशच्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेला असतो आणि अनेकदा कापूनच काढावा लागतो. तो निघाला की आजूबाजूचा पत्रा आणि मागच्या शॅकलची जागा टोचून पाहावी. तिथे गंज असेल तर आधी वेल्डिंग, मग सस्पेन्शन. नवे बुश बसवल्यावर बोल्ट हातानेच लावून ठेवावेत आणि गाडी चाकांवर उतरवल्यानंतर कसावेत. लोंबत्या अवस्थेत कसले, तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पॅराबोलिक पाट्यांमध्ये पानं कमी असतात आणि ती फक्त टोकांना व मध्यभागी एकमेकांना टेकतात, त्यामुळे घर्षण घटतं आणि चाल मऊ होते. घर्षण घटल्यावर जास्त काम शॉकअपवर येतं, म्हणून दोन्हींची निवड एकत्रच करावी. कॉइल स्प्रिंगचा संच शर्यतीच्या गाडीला शोभतो, पण जो भार पाट्याच्या दोन टोकांवर वाटला जात होता, तो भलत्याच जागी येतो आणि तिथला पत्रा भक्कम करावा लागतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी एवढा खटाटोप मला योग्य वाटत नाही.

किट लावल्यावर गाडी बदलली असं सांगणाऱ्यांच्या अनुभवातला मोठा वाटा नव्या बुशांचा आणि बसलेले पाटे बदलल्याचा असतो. म्हणून आधी बुश, मग पाटे, आणि शॉकअप सर्वांत शेवटी. शॉकअप ॲडजस्ट होणारे असतील, तर सर्वांत मऊ सेटिंगपासून सुरुवात करा. थोडी गाडी चालली की यू-बोल्ट पुन्हा कसा. आणि काढलेले आर्मस्ट्राँग भंगारात देऊ नका. ते दुरुस्त होतात आणि मन बदललं तर त्याच दोन बोल्टांवर परत बसतात.