मोतीला विमानाने न्यायचे आहे

माणसे विमानाने जातात, हे आपल्याला ठाऊक आहे. वसई-विरारच्या लोकांना तर चांगलेच ठाऊक आहे. मुंबईचा विमानतळ आपल्यापासून फार लांब नाही. आपल्या गावांतून पुष्कळ घरे अशी आहेत, की घरातला कुणी ना कुणी परमुलखात नोकरीला आहे.

पण घरातला कुत्रा, घरातले मांजर विमानाने जाऊ शकते का?

जाऊ शकते. नवल म्हणजे, माणसाने केलेल्या साधनातून हवेत उडालेले पहिले प्रवासी माणसे नव्हतीच. 1783 साली फ्रान्स देशात माँगोल्फिए नावाच्या भावांनी गरम हवेचा मोठा फुगा तयार केला. त्याच्या खाली पिंजरा बांधला. वर गेल्यावर जीव जगतो की मरतो, हे कुणालाच माहीत नव्हते. म्हणून त्यांनी पिंजऱ्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा बसवला. तिघेही जिवंत खाली आले. मग त्याच वर्षी माणसे फुग्यातून उडाली.

आता समजा, आगाशीच्या एका घरातली सून मुलांना घेऊन नवऱ्याकडे परदेशी निघाली आहे. घरात मोती नावाचा कुत्रा आहे. पोरे म्हणतात, "मोती येणार नसेल, तर आम्हीपण नाय येणार!" तिकिटे निघाली, पेट्या भरल्या. निघायला आठ दिवस उरले, तेव्हा आजोबांनी विचारले, "अगं, मोतीचं काय ठरलं?"

आता फार उशीर झाला. मोतीचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही. तो जनावरांच्या दवाखान्यात, सुईपासून सुरू होतो. आणि तोही कित्येक महिने आधी. तो कसा, ते आम्ही पुढे सांगतो.

मोती बसतो कुठे?

विमानात जनावर नेण्याच्या दोन जागा आहेत.

पहिली जागा माणसांच्या बैठकीत. मांजर किंवा लहान कुत्रा पिशवीवजा पिंजऱ्यात घालतात आणि तो पिंजरा समोरच्या आसनाखाली ठेवतात. प्रवास संपेपर्यंत पिंजरा उघडायचा नसतो. आपल्या देशात अकासा एअर या कंपनीने नोव्हेंबर 2022 पासून अशी सोय सुरू केली. तेव्हा पिंजऱ्यासकट 7 किलोची मर्यादा होती. प्रत्येक कंपनीची मर्यादा निराळी असते आणि ती बदलतही असते. काही कंपन्या तर पाळीव जनावर घेतच नाहीत. म्हणून तिकीट काढण्याआधी विचारावे. विमानात अशा जनावरांना जागा मोजकीच असते. ती आधी मागून ठेवावी लागते.

दुसरी जागा विमानाच्या पोटात, सामान ठेवतात तिथे. मोठा कुत्रा तिथेच जातो. हे ऐकून पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. "तिथे हवा नसेल, मोती गुदमरेल," असे वाटते. तसे नाही. विमान 10-11 किलोमीटर उंचीवर उडते. बाहेर पाणी गोठून जाईल त्यापेक्षाही कितीतरी जास्त थंडी असते. पण जनावर ठेवायच्या कप्प्यात माणसांच्या बैठकीसारखाच हवेचा दाब राखतात, आणि ऊबही राखतात. कप्प्यात जनावर आहे हे वैमानिकाला आधी कळवलेले असते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. विमानातली हवा जमिनीवरच्या हवेपेक्षा विरळ असते. सुमारे 2400 मीटर उंच डोंगरावर असावी, इतपत ती विरळ होऊ शकते. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची 1646 मीटर. म्हणजे मोती कळसूबाईपेक्षा उंच जागी बसून श्वास घेणार. धडधाकट जनावराला ते सोसते. सगळ्यांना सोसत नाही.

कुणाला नेऊ नये?

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि अंगातली उष्णता बाहेर घालवतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासाची वाट अरुंद असते. पर्शियन मांजराचेही तसेच. उकाड्यात आणि भीतीने त्यांचा श्वास अडतो. म्हणून अशी जनावरे सामानाच्या जागेत घ्यायला अनेक कंपन्या नकार देतात. त्यात त्यांचा जाच नाही. जनावराचा जीव वाचवण्यासाठीच तो नियम आहे.

फार म्हातारे, आजारी, गाभण किंवा अगदी तान्हे जनावर नेऊ नये. गुंगीचे औषध आपल्या मनाने कधीही देऊ नये. "झोपला म्हणजे त्रास नाही," असे लोक म्हणतात. पण गुंगीत रक्ताचा दाब उतरतो, श्वास मंदावतो, आणि कप्प्यात त्याच्याकडे बघायला कुणी नसते. गुंगीतले जनावर दिसले, तर कंपनी ते घेत नाही.

पिंजरा कसा असावा?

पिंजऱ्यात मोतीला कान न टेकता उभे राहता आले पाहिजे. त्याला वळता आले पाहिजे, पाय पसरून निजता आले पाहिजे. हवेला चारही बाजूंनी भोके हवीत. दार पक्के हवे. पाण्याचे भांडे दाराला आतून अडकवलेले हवे, आणि दार न उघडता बाहेरून त्यात पाणी ओतता आले पाहिजे. तळाशी ओल शोषून घेणारे अंथरूण घालावे. पिंजऱ्यावर "जिवंत जनावर" अशी चिठ्ठी आणि वरची बाजू दाखवणारे बाण असतात.

पिंजरा महिना-दोन महिने आधीच आणावा. दार उघडे ठेवून पडवीत मांडावा. मोतीची भाकरी आत ठेवावी. तो आपण होऊन आत जाईल, तिथे निजेल. मग प्रवासात तो पिंजरा त्याला तुरुंग वाटणार नाही, घर वाटेल.

सुई, चिप आणि तारखा

आता मुख्य गोष्ट. देशातल्या देशात न्यायचे तर दोन कागद लागतात. एक, लस टोचल्याची पुस्तिका. दुसरा, जनावर प्रवासाला योग्य आहे असा पशुवैद्याचा दाखला. हा दाखला ताजा असावा लागतो, म्हणून तो निघायच्या तोंडावर घ्यावा.

परदेशी न्यायचे तर काम वाढते. युरोपातल्या देशांचे उदाहरण घेऊ. तिथे आधी जनावराच्या कातडीखाली चिप घालतात. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते. तिच्यात 15 आकड्यांचा क्रमांक असतो. यंत्र वरून फिरवले की क्रमांक दिसतो. हे कागद याच मोतीचे आहेत, दुसऱ्या कुत्र्याचे नाहीत, याची ती खूण.

चिप घातल्यावर रेबीजची लस. लस आधी आणि चिप मागून असे झाले, तर ती लस हिशेबात धरत नाहीत. लसीनंतर निदान 30 दिवस थांबायचे. मग रक्त घेऊन युरोपने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. लसीने अंगात पुरेशी ताकद आली की नाही, ते रक्तावरून कळते. रक्त घेतल्यापासून पुढे 3 महिने थांबायचे. तोवर मोतीला युरोपात पाऊल ठेवता येत नाही.

हिशेब करून पाहू. 5 जानेवारीला चिप घातली आणि त्याच दिवशी लस टोचली. 5 फेब्रुवारीला रक्त दिले. त्यापुढे 3 महिने, म्हणजे 5 मे. याचा अर्थ, मे महिन्यात निघायचे तर जानेवारीतच कामाला लागावे. आणि मधल्या काळात लसीची मुदत संपू देऊ नये. संपली, तर सारे पहिल्यापासून.

प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. जपानमध्ये रक्त दिल्यावर 180 दिवस थांबावे लागते. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट कुत्रा नेताच येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत न्यायचे तर तिथल्या सरकारचा परवाना आधी हवा. ज्या देशात जायचे, त्या देशाचा नियम त्या देशाच्या सरकारकडूनच समजून घ्यावा. शेजारी काय म्हणाला, यावर विसंबू नये.

शेवटी आपल्या सरकारचा दाखला लागतो. केंद्र सरकारचे पशु संगरोध खाते आहे. त्याची कचेरी मुंबईत आहे. तिथले अधिकारी जनावर आणि कागद तपासतात, आणि बाहेर न्यायला दाखला देतात. परदेशातून कुत्रा इकडे आणायचा असेल, तरी याच खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. विमानात बसल्यावर विचारून उपयोग नाही.

एवढी कडक तपासणी कशाला?

कारण रेबीज. पिसाळलेला कुत्रा चावला की होतो तो रोग. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. इंग्लंडने पूर्वी हा रोग मोठ्या कष्टाने आपल्या बेटावरून घालवला. मग बाहेरून येणारा प्रत्येक कुत्रा ते 6 महिने कोंडून ठेवीत. 2000 साली चिप आणि लस यांची पद्धत आली, तेव्हा कुठे बऱ्याच देशांतल्या कुत्र्यांची ही कोठडी सुटली. म्हणजे सुईने तुरुंग वाचवला!

या लसीचा शोध लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने लावला. 6 जुलै 1885 रोजी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या 9 वर्षांच्या मुलाला त्याने पहिल्यांदा ती टोचवली. तो मुलगा वाचला.

आपल्या देशात हा रोग अजून आहे. म्हणून मोती विमानात बसो वा न बसो, त्याला दर वर्षी लस टोचून घ्यावी. आणि कुणाला कुत्रा किंवा मांजर चावले, नखाने ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी. लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. जखमेवर हळद, चुना, तिखट भरू नये. मंत्र-तंत्रात वेळ घालवू नये.

निघायच्या दिवशी

विमान सुटण्याआधी काही तास जनावराला पोटभर खायला घालू नये. पाणी मात्र द्यावे. विरार लोकलची गर्दी आपण जाणतोच. तिथे माणसाला श्वास घेता येत नाही, तर पिंजऱ्याची काय कथा? गाडी ठरवावी. महामार्गावर वाहने अडकतात, म्हणून दोन तास हातचे ठेवून निघावे. उन्हात उभ्या बंद गाडीत मोतीला एकटे सोडू नये. थोड्याच वेळात ती गाडी भट्टी होते, आणि त्यात कुत्रे मरतात. शक्य असेल तर उन्हाळ्यात पहाटेचे किंवा रात्रीचे विमान धरावे, आणि मध्ये विमान बदलावे लागणार नाही असे धरावे.

कागद पिशवीच्या तळाशी ठेवू नयेत, हाताशी ठेवावेत. त्यांच्या नकला वेगळ्या जपून ठेवाव्यात.

नेता येत नसेल तर?

सगळ्यांनाच नेता येत नाही. खर्च मोठा असतो. मोती म्हातारा असतो. किंवा वेळ उरलेला नसतो. मग त्याला ज्याची माया आहे अशा नातलगाकडे किंवा शेजाऱ्याकडे रीतसर सोपवावे. निघण्याआधी आठ-पंधरा दिवस त्याला तिथे राहायची सवय करावी. लसीची पुस्तिकाही त्यांच्या हाती द्यावी.

पण त्याला स्टेशनवर किंवा बाजारात सोडून जाऊ नये. ज्याने दहा वर्षे आपली पडवी राखली, त्याला उकिरड्यावर अन्न शोधता येत नाही. 1960 च्या कायद्याप्रमाणे, जनावराचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा रीतीने त्याला टाकून जाणे हा गुन्हा आहे. आणि कायदा नसता, तरी ते पापच.

मोतीला स्वतःची पुस्तिका वाचता येत नाही. लस कधी संपते हे त्याला सांगता येत नाही. तुम्हाला आता वाचता येते. तेव्हा आज रात्री दिव्याखाली ती पुस्तिका काढा. त्यातली शेवटची तारीख वाचा. मुदत संपली असेल, तर उद्याच दवाखाना गाठा.

वाचा आणि सांगा

1. चिप आधी घालायची की लस आधी टोचायची? का?

2. युरोपात न्यायच्या कुत्र्याचे रक्त 10 ऑगस्टला घेतले. तो कोणत्या तारखेनंतर जाऊ शकेल?

3. कुत्रा चावला तर सर्वांत आधी काय करावे?

4. तुमच्या घरच्या जनावराला शेवटची लस कधी टोचली? पुस्तिकेत पाहून तारीख लिहा.