पोपचा होमर, मोरोपंतांचं भारत आणि आमचे अण्णा

जबलपूरच्या गोरखपुरातून बोलतोय. उत्तर प्रदेशातलं गोरखपूर डोळ्यांपुढे आणू नका. ही आमच्या शहरातली वस्ती. फौजेतून निवृत्त झालो आणि वडिलांच्या घरात परत आलो.

आजचा विषय एका चुकीपासून सुरू करतो. चूक माझीच आहे. कॉलेजात माझा इंग्रजी साहित्य हा विषय होता. आमचे अण्णा संध्याकाळी मोरोपंतांच्या आर्या म्हणत. एकदा मी तोंड वर करून म्हणालो, “अण्णा, यात पंतांचं स्वतःचं काय? सगळं तर व्यासांचं!” अण्णा काही बोलले नाहीत. थांबले, आणि पुढची आर्या म्हणू लागले.

गंमत अशी की त्याच वर्षी मी अलेक्झांडर पोपची थोरवी पाठ करत होतो. आणि पोपने केलं काय होतं? होमरचं ग्रीक महाकाव्य ‘इलियड’ इंग्रजी पद्यात आणलं होतं. 1715 ते 1720 या काळात त्याचे सहा खंड निघाले. त्याआधी, 1700 साली, जॉन ड्रायडननेही होमर, ओव्हिड, बोकाचिओ आणि चॉसर यांच्या कथा आपल्या पद्यात मांडल्या होत्या. तेव्हाच्या इंग्लंडात हे उसनं काम समजलं जात नसे. कवीची खरी परीक्षा इथेच व्हायची.

आता आपल्याकडे या. मोरोपंत पराडकर 1729 साली पन्हाळ्याला जन्मले, नंतर बारामतीला नाईकांच्या आश्रयाला स्थिरावले आणि 1794 मध्ये तिथेच वारले. पोप 1744 साली गेला, तेव्हा पंत पंधरा वर्षांचे होते. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. तरी दोघांनी निवडलेला साचा पाहा. होमरच्या ओळींना यमक नाही. व्यासांच्या अनुष्टुभालाही नाही. पोपने दहा-दहा अक्षरांच्या दोन ओळी घेतल्या आणि शेवटी यमक जुळवलं. पंतांनी आर्या घेतली. तिचा ‘गीती’ हा प्रकार त्यांचा खास. तिथेही दोन ओळी आणि शेवटी यमक.

गीतीची मोजणी सोपी आहे. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. जोडाक्षराचा आघात आला तर आधीच्या ऱ्हस्वाच्याही दोन. प्रत्येक ओळीत आधी बारा, मग अठरा मात्रा. आमच्याच गावावर करून पाहू. ‘गोरखपूर’ म्हणजे सात मात्रा, ‘नर्मदा’ म्हणजे पाच. झाल्या बारा! पण अण्णा मान हलवतील. आर्येत चार-चार मात्रांची पावलं पडावी लागतात. ‘गोरख’ हे पहिलं पाऊल ठीक पडलं. दुसऱ्यात ‘पूर’च्या तीनच मात्रा, आणि चौथीसाठी ‘नर्’ अर्धा तोडावा लागतो. परेडवर पावलांची संख्या बरोबर असून कदम चुकावा, तसं हे. आता कल्पना करा, पंतांनी अख्खं महाभारत या कदमतालावर चालवलं. ‘आर्याभारता’त सुमारे सतरा हजार आर्या आहेत. आणि एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी रामायणं रचली ती एकशे आठ, असं परंपरा मानते. त्यात एक ‘निरोष्ठ रामायण’ आहे: ओठ मिटावे लागतील असं एकही अक्षर त्यात नाही. म्हणजे ‘राम’ हे नावच त्यात घेता येत नाही!

दोघांत फरकही आहे, आणि तो श्रोत्यांमुळे पडतो. पोपच्या वाचकांपैकी बहुतेकांना ग्रीक येत नव्हतं. वर्गणी आगाऊ भरून खंड घेणारी ही मंडळी होती. त्यांना सगळं उलगडून सांगावं लागे, म्हणून पोपच्या ओळी होमरपेक्षा वाढल्या. पंतांच्या श्रोत्यांना पुढे काय होणार ते आधीच ठाऊक असे. भीष्म पडणार, कर्णाचं चाक रुतणार, हे नव्याने काय सांगायचं? म्हणून पंत लाख श्लोकांचा पसारा आवळू शकले. कथा माहीत असलेला माणूस ऐकतो ते ती कशी सांगितली हे. कीर्तनकारांनी पंतांची आर्या उचलली ती यामुळेच.

टीका दोघांवर झाली. रिचर्ड बेंटली या ग्रीक पंडिताने पोपला सुनावलं की कविता छान आहे, पण तिला होमर म्हणू नका. पंतांची भाषा संस्कृतने जड झाली, असं आपल्याकडे म्हटलं गेलं. तो आक्षेप अगदीच खोटा नाही. कित्येक आर्या मला आजही कोश उघडल्याशिवाय लागत नाहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. तिच्यातून त्यांनी पंतांची बाजू घेतली, कारण इंग्रजी शिकलेली नवी मंडळी पंतांना नाकं मुरडू लागली होती. शंभर वर्षांनी मीही त्याच रांगेत उभा होतो.

मग यात पंतांचं स्वतःचं काय? कथा व्यासांची, पण मराठी कानाला ती कोणत्या तालात ऐकवायची, काय गाळायचं, कुठे थांबायचं, हे सगळं पंतांचं. होमरच्या बाबतीत पोपचंही तेवढंच. एकाला ‘महाकवी’ आणि दुसऱ्याला ‘नक्कल’ म्हणताना मी साहित्य तोलत नव्हतो. कोणती भाषा मोठी, हे मी आधीच ठरवून बसलो होतो.

हे कळलं तेव्हा अण्णा नव्हते. त्यांची आर्याभारताची प्रत आहे. समासात पेन्सिलीने मात्रांच्या खुणा आहेत. आमची नात हिंदी शाळेत जाते, मराठी अडखळत वाचते. पण तिला मात्रा मोजायचा खेळ आवडतो. परवा तिने स्वतःचं नाव मोजलं, मग माझं. अर्थ पुढे येईल. सध्या आम्ही रोज एका आर्येची पावलं मोजतो.

तुमच्या घरी आर्या म्हणणारं कोणी असेल, तर त्यांना आज एक म्हणायला सांगा. मी अण्णांना तसं कधी सांगितलं नाही.

जय हिंद.