शाफ्ट नवा, पण कोन जुळले का?

भंडारा जिल्ह्यातील कोका अभयारण्यात किंवा जवळच्या नागझिऱ्यात पर्यटकांना फिरवणारी जिप्सी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मारुती कंपनीने १९८५ साली बाजारात आणलेल्या या गाडीचे उत्पादन काही वर्षांपूर्वी थांबले. जुन्या गाड्यांवर मात्र अनेकांचे पोट चालते. खाचखळगे, चिखल आणि नाल्याचे पाणी यांमुळे गाडीचा प्रोपेलर शाफ्ट झिजतो. तो बदलताना मालक दुकानात हमखास विचारतो, "सर्वांत मजबूत कोणता?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. का, ते पाहू या.

गिअरबॉक्स चासीला बांधलेला असतो. चाकांचा अ‍ॅक्सल मात्र पाट्यांवर खालीवर होत राहतो. त्यामुळे दोहोंमधील अंतर आणि कोन सतत बदलतात. अंतराची सोय शाफ्टमधील दातेरी सरकता भाग करतो, तर कोनाची सोय दोन टोकांचे सांधे करतात. दोन चिमट्यांमध्ये अधिकाच्या चिन्हासारखा तुकडा, म्हणजेच मेकॅनिकचा 'क्रॉस', बसवून असा सांधा तयार होतो. स्प्रिंगच्या नियमामुळे आपल्या परिचयाचे असलेले रॉबर्ट हूक यांनी १६७६ साली सूर्यनिरीक्षणाच्या उपकरणासंबंधी लिहिताना या सांध्याचे वर्णन केले होते.

या सांध्यात एक खोड आहे. एक टोक एकसारख्या गतीने फिरवले तरी कोनात असलेले दुसरे टोक एकसारखे फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा रेंगाळते. वर्गात हे दाखवायला एक ताटली पुरे. तिच्या काठावर ३०-३० अंशांवर १२ खुणा करा. समोरासमोरच्या दोन खुणांना जोडणारा व्यास आडवा ठेवून त्याभोवती ताटली ३० अंश कलती करा आणि बरोबर वरून पाहा. आडव्या व्यासापासून मोजले तर खुणांमधील कोन आता क्रमाने सुमारे २६.६, २९.७ आणि ३३.७ अंश दिसतात. बेरीज ९०च, पण वाटणी असमान. सांध्यात नेमके हेच घडते. कोन १० अंश असेल तर गतीतला चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो. २० अंशांना तो सहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे कोन दुप्पट, तर चढउतार जवळपास चौपट!

मग गाडी हिसके का देत नाही? कारण पहिल्या सांध्याने केलेली चूक दुसरा सांधा उलट करून पुसतो. त्यासाठी दोन अटी आहेत : शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत हवेत आणि दोन्ही सांध्यांचे कोन समान हवेत. गाडी उंच करण्यासाठी पाट्यांत फेरफार केला, की कोन वाढतात आणि बहुधा समानही राहत नाहीत. अशा वेळी कितीही महाग शाफ्ट बसवला तरी थरथर जात नाही. अ‍ॅक्सलखाली योग्य मापाची पाचर देऊन कोन जुळवावा लागतो.

निवड करताना आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. लांबी गाडी चाकांवर उभी असताना मोजावी. शाफ्ट लांब झाला तर पाटा दबताना गिअरबॉक्सवर धक्का बसतो, आखूड झाला तर दाते निसटू शकतात. दुसरे, पोकळ नळीला कमी लेखू नये. पिळाचा ताण बाहेरच्या थरावर सर्वाधिक असल्याने मधला धातू फारसे काम करत नाही. तिसरे, शाफ्ट अतिमजबूत केला तर जोराच्या झटक्यात तो वाचतो, पण डिफरन्शियलचे दाते तुटू शकतात. ती दुरुस्ती बरीच महाग पडते.

देखभाल सोपी आहे. पाण्यातून गाडी गेल्यावर ग्रीस भरावे, आणि ते क्रॉसच्या चारही टोप्यांतून बाहेर येईपर्यंत भरावे. टोपीभोवती लाल भुकटी दिसली तर आतल्या सुईसारख्या बेअरिंगला गंज लागला आहे असे समजावे. गिअर टाकताना 'टक्' असा आवाज येत असेल तर क्रॉस तपासावा. नळीवर वाळलेला चिखलही शाफ्टचा तोल बिघडवतो. दातेरी भाग वेगळा करण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाची खूण करावी. एक दाता चुकला तरी चिमटे रेषेतून जातात.

शाळेजवळ गॅरेज असेल तर विद्यार्थ्यांना एकदा जरूर न्यावे. गाडीतून काढून ठेवलेला शाफ्ट मागून घ्यावा आणि दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत आहेत का, हे त्यांनाच ठरवू द्यावे.