महादजींचे तैलचित्र

आजरा हे कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, हिरण्यकेशी नदीच्या काठचे गाव. पूर्वी ते इचलकरंजीच्या घोरपड्यांच्या जहागिरीत होते. कोल्हापूरच्या या मुलखावर इ. स. १७७८ मध्ये पेशव्यांची फौज चालून आली, तेव्हा तिचे सेनापती महादजी शिंदे होते. पानिपतच्या रणांगणावर १७६१ मध्ये पायाला जबर जखम झाल्यामुळे ते पुढे जन्मभर लंगडत चालत. चित्रातला माणूस चालत नाही. म्हणून ही खूण चित्रकाराला दाखविता येत नाही. परंतु महादजींचा चेहरा कसा होता, हे आज आपण जाणतो, ते एका तैलचित्रामुळे.

छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये. त्यापूर्वी माणसाची मुद्रा जतन करण्यास बहुधा चित्रकाराचाच आधार घ्यावा लागे. युरोपात सेनाधिकारी आपल्या गणवेशात चित्रकारापुढे बसत व चित्र घरी टांगून ठेवीत. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस आला. पुढल्या वर्षी तो पुण्यास गेला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तेथे पेशव्यांच्या दरबारी राहत असे. महादजीही त्याच वर्षी उत्तरेतून पुण्यास आले होते. वेल्सने त्यांचे चित्र काढले. तरुण सवाई माधवराव पेशवे व त्यांचे कारभारी नाना फडणीस यांचेही काढले.

आपल्याकडील जुने चित्रकार बहुधा पाण्यात व डिंकात कालवलेले रंग कागदावर वा भिंतीवर देत. चेहरा पुष्कळदा एका बाजूने दाखवीत. त्यावर सावली क्वचितच पडे. तैलचित्राची रीत निराळी. रंगाची बारीक भुकटी जवसाच्या तेलात घोटतात आणि चौकटीवर ताणलेल्या कापडाला अस्तर देऊन त्यावर ती लावतात. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते. रंग बराच काळ ओला राहिल्यामुळे चित्रकार उजेड व सावली एकमेकांत मिसळू शकतो. गालाचा उंचवटा, डोळ्यांखालची खोली, वयाच्या सुरकुत्या, सारे त्यामुळे उमटते. पंधराव्या शतकात फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, यान व्हान आयक याने ही कला फार उंचीस नेली. तिचा शोध त्यानेच लावला असे पूर्वी सांगत. ते खरे नव्हे.

या चित्रांचा मोठा शत्रू म्हणजे ओल. आजऱ्याकडील पावसाळ्यात घरातले कापडसुद्धा दमट होते, हे तेथील मुलांना सांगावयास नको. दमट हवेत चित्राचे कापड सैल पडते, कोरड्या हवेत ताणते. वरचा रंग मात्र कडक झालेला असतो. अखेर त्याला तडे जातात, पापुद्रे सुटतात आणि बुरशीही धरते.

वेल्सबरोबर काम केलेला गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार होता. त्याने १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले होते. वेरूळच्या लेण्यांची चित्रेही त्याने काढली. त्याचे नाव मात्र आपल्या पुस्तकांत फारसे आढळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. गेंड्याचे ते चित्र अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे.

पुण्यास बसून काढलेल्या या चित्रांना काळाने फार थोडी सवड दिली होती. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडी येथे वारले. सवाई माधवराव १७९५ च्या ऑक्टोबरमध्ये, एकविसाव्या वर्षी मृत्यू पावले आणि त्याच वर्षी वेल्सही गेला. १८२८ मध्ये शनिवारवाड्यातील महाल आगीत जळाले. पेशवे व नाना यांचे चित्र मात्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आजही टांगलेले आहे.