भट्टीचे घड्याळ आणि कचेरीचे घड्याळ

कुरुद म्हटले की छत्तीसगडात पुष्कळांना धमतरीकडचे कुरुद आठवते. मला अभिप्रेत आहे ते दुसरे, भिलाई शहरात मिसळून गेलेले. हा दुर्गचा मुलूख १९५६ पर्यंत नागपूरच्या राजधानीखाली होता; तेव्हा मराठी श्रोत्यांना तो अगदीच परका नव्हे. पोलादाच्या कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या अशा गावात पाळीवर जाणारा कामगार आणि कचेरीत जाणारा कारकून शेजारी राहतात. पण दोघांची घड्याळे निराळी असतात.

भिलाईसाठी सोविएत रशियाशी फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टीचा स्वभाव असा, की एकदा पेटली म्हणजे ती वर्षानुवर्षे अहोरात्र चालावी लागते. वरून दल्ली-राजहऱ्याचे खनिज आणि कोक पडत राहिला पाहिजे. खालून वितळलेले लोखंड वेळेवर निघाले पाहिजे. ती अवेळी थंडावली तर आतला रस आतच थिजतो. कचेरी मात्र सायंकाळी कुलूप लावून घरी जाते.

या दोहोंना जोडते ती फाईल. समजा, एखाद्या पंपाचा व्हॉल्व्ह बदलावयाचा आहे. खात्याची मागणी येते, कारकून टिपण लिहितो, अधिकारी शेरा मारतो, हिशेबखाते तरतूद पाहते, टेंडर निघते, दरांचा तक्ता होतो. यांतील एकही पायरी निरर्थक नाही. पैसा सार्वजनिक आहे. महालेखापरीक्षकांची तपासणी व्हावयाची असते. शिवाय २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानंतर टिपणाचा कागदही नागरिक मागू शकतो.

मोठ्या कचेरीतील खरी अडचण येथेच आहे. सही करणाराची चूक त्याच्या नावावर चढते. उशीर कोणाच्याच नावावर चढत नाही. म्हणून हुशार माणूससुद्धा ‘चर्चा करावी’ एवढे दोन शब्द लिहून फाईल पुढे सरकवितो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे, परंतु ते खरे नव्हे. दहा जणांत वाटलेली जबाबदारी हाताला जाणवतच नाही. पगार तेवढा जाणवतो!

जून २०१४ मध्ये भिलाईच्या कारखान्यातील पंपगृहात विषारी वायू पसरून सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. त्या दुर्घटनेचा दोष मी कोणत्याही फायलीवर ठेवीत नाही. पंप, नळ, व्हॉल्व्ह या कोरड्या शब्दांपाशी माणसे उभी असतात, एवढेच सांगावयाचे आहे.

जाणता कारकून हे ओळखून टिपणाच्या आरंभीच लिहितो: वस्तू कोणत्या तारखेपर्यंत हवी, आणि न आल्यास काय थांबेल. मग ‘चर्चा करावी’ म्हणणाऱ्यालाही ती तारीख वाचूनच म्हणावे लागते. अलीकडे कित्येक ठिकाणी फाईल संगणकावर चालते आणि ती कोणापाशी किती दिवस होती, हे यंत्रच टिपून ठेवते. अर्थात त्यावरही तोड निघाली आहे. एखादी क्षुल्लक शंका काढून फाईल खाली परत धाडली, की पुढचे दिवस खालच्याच्या नावावर मोजले जातात.