संतांची गावं : माणिकनगर, गाणगापूर, अष्टूर

बीदर जिल्ह्यातल्या हुमनाबादेत वीरभद्रेश्वराचं मोठं देऊळ आहे आणि गावाला लागूनच माणिकनगर आहे. एका ठिकाणी पुराणातला देव, दुसऱ्या ठिकाणी १८१७ साली लाडवंतीत जन्मलेला माणूस. माणिकप्रभूंचा जन्म दत्तजयंतीचा. भक्तांनी त्यांना दत्तावतार मानलं. १८६५ च्या मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला त्यांनी समाधी घेतली. आजही एकादशीची पुण्यतिथी आणि पौर्णिमेची जयंती यांच्यामधले दिवस माणिकनगरात उत्सवाचे असतात. कोणताही पंथ खोटा नाही, हा त्यांच्या सकलमत संप्रदायाचा गाभा. म्हणून पदं मराठीत तशी कानडीत आणि हिंदुस्तानीतही, आणि दर्शनाला ब्राह्मण, लिंगायत, मुसलमान सगळेच.

माणसाच्या नावानं देवस्थान आणि देवस्थानाच्या नावानं गाव, ही रीत दूर वेल्समध्येही आहे. तिथे सहाव्या शतकाच्या सुमारास साधूंनी मठ्या बांधल्या आणि गावांना त्यांचीच नावं पडली. लानडेलो या नावात टेलो आहे, लानदेवी ब्रेवीमध्ये देवी, म्हणजे संत डेव्हिड. यांतल्या बहुतेकांना रोमनं कधी रीतसर संतपद दिलं नाही. लोकांनी संत म्हटलं, तेवढं पुरलं. पुढे नॉर्मन सत्ता आली आणि कित्येक जुनी देवळं मेरी, पीटर अशा सर्वमान्य संतांना वाहिली गेली. तरी गावांच्या नावांत जुने साधू टिकून राहिले.

आपल्या मराठी-कानडी सीमाभागातही संतपद लोकांनीच दिलं. गाणगापुरात भीमा-अमरजेच्या संगमाजवळ नृसिंहसरस्वती राहिले. ते मूळचे वऱ्हाडातल्या कारंज्याचे. त्यांचं चरित्र मराठीत, स्थान कानडी मुलखात, आणि पूजा मूर्तीची नव्हे, निर्गुण पादुकांची. कलबुर्गीत ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचा दर्गा आहे. दिल्ली सोडून ते फिरोजशहा बहमनीच्या काळात इथे आले आणि १४२२ मध्ये निवर्तले. त्याच शहरात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देह ठेवलेल्या शरणबसवेश्वरांचं देऊळ आहे. कल्याणची गोष्ट मात्र उलट्या क्रमाची. चालुक्यांची ही राजधानी बाराव्या शतकात बसवण्णांची कर्मभूमी झाली, पण ‘बसवकल्याण’ हे नाव तिला स्वातंत्र्यानंतर मिळालं. संताचं नाव गावाला लागायला आठ शतकं जावी लागली.

या सगळ्यांत अष्टूर मला सर्वांत मोलाचं वाटतं. बीदरजवळच्या या गावात १४३६ मध्ये वारलेल्या अहमदशहा बहमनीची कबर आहे. घुमटाच्या आत सोनेरी अक्षरांत सूफी लेख आहेत, आणि इराणच्या शाह नियामतुल्लांच्या परंपरेशी राजाचं नातं ते सांगतात. याच राजाला मुसलमान ‘वली’, म्हणजे संत, म्हणतात आणि लिंगायत आपले संत अल्लमप्रभू मानतात. होळीनंतर भरणाऱ्या उरुसात मडियाळच्या जंगमाला मान असतो. वेल्सच्या देवळांत एक नाव पुसून दुसरं आलं. इथे एकाच कबरीवर दोन नावं नांदतात आणि दोन्हींचे भक्त एकाच दिवशी येतात.

ही नावं म्हणजे इथल्या लोकांनी स्वतः लिहिलेला इतिहास आहे. राजवटी बदलल्या, राज्यांच्या सीमा भाषेवर आखल्या गेल्या, पण भक्तांनी सीमा पाहिली नाही. वेल्समधल्या संतांची माहिती बॅरिंग-गूल्ड आणि फिशर या दोघांनी १९०७ ते १९१३ या काळात चार खंडांत गोळा केली. बीदर-कलबुर्गीतल्या प्रत्येक मठाची, दर्ग्याची, समाधीची अशीच नोंद व्हायला हवी : नाव कुणाचं, उत्सवाची तिथी कोणती, मान कोणत्या घराण्याचा, पदं कोणत्या भाषेत. ती मराठी आणि कानडी माणसांनी मिळून करावी, कारण ही स्थानं दोघांचीही आहेत.