चरित्रपट आणि कीर्तनाचा उत्तररंग

भारतीय चित्रपटाचा उगमच एका चरित्रपटाच्या दर्शनात आहे, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट मुंबईत पाहत असता आपल्या मनश्चक्षूंपुढे रामकृष्णांची चरित्रे उभी राहिली, असे दादासाहेब फाळके यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहून ठेवले आहे. ३ मे १९१३ रोजी प्रेक्षकांपुढे आलेला ‘राजा हरिश्चंद्र’ हे त्याच दर्शनाचे फळ. २००९ साली परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढून खुद्द फाळक्यांनाच चरित्रनायक केले, तेव्हा हे वर्तुळ पूर्ण झाले.

खऱ्या माणसाच्या जीवनावरील चित्रपट लोकांना इतका का भावतो? कल्पित कथेत ‘पुढे काय होणार’ ही उत्कंठा प्रेक्षकाला खिळवून ठेवते. चरित्रपटात ती नसते. टिळक मंडालेस जाणार, आनंदीबाई जोशी बावीस वर्षे पुरी होण्याआधीच जाणार, हे चित्रपटगृहात शिरण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक असते. तरी लोक जातात. याचे कारण आपल्या कीर्तनपरंपरेत सापडते, असे आम्हांस वाटते. कीर्तनकार पूर्वरंगात सिद्धान्त मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. ते आख्यान श्रोत्यांनी दहादा ऐकलेले असते. पुढे काय होते, हे ऐकण्यासाठी ते बसलेले नसतात. ते कसे झाले, त्या क्षणी त्या माणसाच्या अंतःकरणात काय चालले असेल, हे अनुभवण्यासाठी बसलेले असतात. महीपतीच्या संतचरित्रांनी हीच तहान भागविली, आणि तीच आज चरित्रपट भागवीत आहे.

दुसरे कारण असे की, चरित्रपट थोर पुरुषाला आपल्या घरात आणून बसवितो. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) हे याचे उत्तम उदाहरण. दामले व फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. त्यात विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा जितके स्मरणात राहतात, तितकीच गौरीबाईंची आवलीही राहते. घरात दाणा नाही, मूल आजारी आहे, म्हणून ती थेट विठोबावर पायताण उगारते. तुकोबांचे वैराग्य किती मोठे, हे तिच्या त्राग्यावरून कळते. कारण त्या वैराग्याची किंमत चुलीपाशी ती मोजीत असते. विरक्तीवरील दहा व्याख्यानांनी जे साधणार नाही, ते या एका प्रसंगाने साधते.

परंतु जेथे सामर्थ्य, तेथेच धोकाही असतो. तुकोबांचे छायाचित्र असणे शक्यच नव्हते. म्हणून अनेकांच्या मनात त्यांची मूर्ती पागनीसांच्याच चेहऱ्याने कायमची बसली. चेहऱ्याचे जे झाले, तेच वाणीचेही झाले. या चित्रपटातील एक सुप्रसिद्ध अभंग शांताराम आठवले यांचा आहे. पण तो तुकोबांच्या वाणीशी इतका एकरूप झाला की, जाणत्यांनीही तो तुकोबांचाच मानला. येथे आमच्या पदरची एक चूक कबूल करणे प्राप्त आहे. आम्हीही कित्येक वर्षे तो अभंग तुकोबांचा म्हणून वर्गात सांगत आलो. एके दिवशी एक विद्यार्थी गाथा घेऊन आमच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, “सर, दोन दिवस शोधतो आहे, हा कुठल्या पानावर आहे?” आम्ही निरुत्तर झालो. त्या मुलाने चित्रपट पाहिला होता आणि गाथाही उघडली होती. आम्ही मात्र चित्रपटावरच विसंबलो होतो.

आनंदीबाईंच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. त्यांनी १८८६ साली फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी संपादन केली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. १९६८ साली श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली. आणि २०१९ साली त्याच नावाचा चित्रपट समीर विद्वांस यांनी दिग्दर्शित केला. चरित्रकार पुराव्याने बांधलेला असतो, कादंबरीकार दोन पुराव्यांमधील रिकामी जागा कल्पनेने भरतो, आणि चित्रपटकर्त्याला एक अख्खे आयुष्य दोन-अडीच तासांत बसवावयाचे असते. गोपाळरावांचा हट्टी, तऱ्हेवाईक स्वभाव या प्रत्येक रूपात निराळ्या प्रमाणात उतरणे अपरिहार्यच आहे. कल्पना करणे हा कलावंताचा अपराध नव्हे. कल्पना कोठे सुरू झाली हे न विचारणे, हा मात्र आम्हां शिक्षकांचा अपराध होय.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलांच्या दृष्टीने हा प्रश्न तर जिव्हाळ्याचा आहे. ज्या मुलाचे शिक्षण हिंदीतून, कन्नडमधून किंवा इंग्रजीतून होते, त्याला तुकोबा, जोतीराव, आनंदीबाई प्रथम भेटतात ते बहुधा पडद्यावरच. कदाचित शेवटचेही तेथेच. अशा मुलाला ‘हे खोटे आहे’ म्हणून चित्रपटापासून परावृत्त करणे म्हणजे त्याच्यासाठी उघडलेले एकुलते एक दार आपल्या हातांनी लावून घेणे होय.

तेव्हा उपाय साधाच आहे. चित्रपट दाखवावा, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तीन प्रश्न विचारावेत : यातील कोणता प्रसंग लिखित पुराव्यात सापडतो? कोणता कल्पिलेला दिसतो? आणि तो कल्पावा असे कर्त्याला का वाटले असेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुले आपोआप ग्रंथांकडे वळतात, असा आमचा अनुभव आहे.

चरित्रपट हा उत्तररंग आहे. तो रंगतो, आणि त्याने रंगावेच. पूर्वरंग मात्र आपण शिक्षकांनी सांगावयाचा आहे. तो आपण टाळला, तर गाथा हातात घेऊन पान शोधणारा विद्यार्थी पुन्हा आपल्यापुढे उभा राहणार नाही, आणि त्याहून मोठी हानी दुसरी नाही.